नेट बँकिंगची तुलना : वेग, भरवसा आणि अडकलेला व्यवहार

कोणत्या बँकेचे नेट बँकिंग चांगले, असे चार जणांना विचारले तर चार उत्तरे मिळतात, आणि प्रत्येक उत्तरामागे एखादा ताजा मनस्ताप किंवा ताजे समाधान असते. एकाचा गृहकर्जाचा हप्ता साइट बंद असल्यामुळे चुकला आणि दंड बसला. दुसऱ्याने रात्री अकरा वाजता इस्पितळात पैसे भरले आणि क्षणात पावती आली. दोघांचे अनुभव खरे आहेत, पण त्यांवरून दोन बँकांची तुलना होत नाही. तुलनेसाठी आधी काय मोजायचे ते ठरवावे लागते, आणि बहुतेक चर्चा तिथेच घसरते. साइट उघडते का आणि किती सेकंदांत उघडते, एवढेच मोजले जाते.

हे मोजमाप चुकीच्या जागी लावलेले आहे, असे माझे ठाम मत आहे. बँकेच्या साइटवर कोणी पाने चाळायला जात नाही, काम उरकायला जातो. म्हणून मोजण्याचे एकक ‘पान’ नसून ‘व्यवहार’ असायला हवे. व्यवहार पुरा झाला का, आणि तो झाला की फसला हे ग्राहकाला किती वेळात व किती खात्रीने कळले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून भरवसा ठरतो.

या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक व्यवहाराची तीन टोके संभवतात. तो होतो, तो होत नाही, किंवा तो झाला की नाही हेच कळत नाही. पहिल्यात आनंद आहे. दुसऱ्यात गैरसोय आहे, पण माणूस दुसऱ्या खात्यातून, धनादेशाने किंवा रोख पैसे देऊन मोकळा होतो. खरा जाच तिसऱ्यात आहे. खात्यातून रक्कम वजा झालेली दिसते, समोरचा म्हणतो ‘आले नाहीत’, आणि पुन्हा पाठवावे तर दोनदा जाण्याची भीती. ज्या बँकेत व्यवहार स्वच्छ नाकारले जातात ती, ज्या बँकेत व्यवहार अधांतरी लटकतात तिच्यापेक्षा अधिक भरवशाची आहे, जरी दोघींच्या साइट सारखाच वेळ बंद राहत असल्या तरी. नेहमीच्या तुलनेत हा फरक दिसतच नाही.

व्यवहाराची साखळी

डोंबिवलीतल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार समजा. महिन्याच्या दहा तारखेला लिफ्टवाल्याचे देखभालीचे पैसे पाठवायला ते संगणकासमोर बसले आहेत. ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता टाकला की आधी त्या पत्त्यामागचा आकडी पत्ता शोधला जातो, मग त्यांचा संगणक आणि बँकेचा सर्व्हर एकमेकांची ओळख पटवून सांकेतिक जोडणी करतात, आणि मग पान येते. यूजर आयडी, पासवर्ड, वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाकायचा कॅप्चा. त्यानंतर ओटीपी.

ओटीपी बँकेकडून थेट फोनवर येत नाही. बँक तो एसएमएस पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीला देते, ती दूरसंचार कंपनीला देते, दूरसंचार कंपनी तो संदेश नोंदणी झालेल्या मसुद्याशी ताडून पाहते आणि मगच पुढे सोडते. ८ मार्च २०२१ रोजी ही ताडून पाहण्याची व्यवस्था देशभर सक्तीने लागू झाली आणि ओटीपी अडकले. बँकांच्या साइट धडधाकट होत्या, पण व्यवहार होईनात. अखेर दूरसंचार नियामक ट्रायला ती सक्ती तात्पुरती थांबवावी लागली. त्या दिवशी कोणी फक्त साइट चालू आहे का एवढेच तपासले असते, तर सगळ्या बँकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

ओटीपी टाकल्यावर खजिनदारांना आतले पान दिसते. पैसे पाठवण्याचा हुकूम दिला की तो साइटच्या सर्व्हरवरून बँकेच्या गाभ्याच्या प्रणालीकडे, म्हणजे कोअर बँकिंगकडे जातो. तिथे शिल्लक तपासली जाते, खात्यात नावे नोंद पडते. रक्कम आयएमपीएसने जात असेल तर निरोप बँकांना जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे जातो, तिथून लिफ्टवाल्याच्या बँकेकडे, तिथे जमा नोंद पडते आणि होकार त्याच वाटेने उलटा येतो. परतीच्या वाटेवर कुठेही खोळंबा झाला की पडद्यावर गोल फिरत राहते आणि शेवटी ‘सेशन संपले’ अशी पाटी येते. पैसे मात्र कदाचित पोचलेलेही असतात. अडकलेला व्यवहार जन्मतो तो असा. नावे नोंद आणि जमा नोंद दोन वेगळ्या संस्थांच्या दोन वेगळ्या यंत्रांवर पडते आणि मधला होकार हरवू शकतो.

चांगल्या व्यवस्थेची ओळख इथे पटते. हुकूम दिल्याबरोबर संदर्भ क्रमांक पडद्यावर दिसतो का? पुन्हा लॉगिन केल्यावर व्यवहारांच्या यादीत तो हुकूम ‘प्रलंबित’ म्हणून दिसतो, की गायबच असतो? तोच हुकूम चुकून पुन्हा दिला तर बँक ‘हीच रक्कम याच खात्यात आत्ताच पाठवली आहे’ असे विचारते का? या तीन प्रश्नांची उत्तरे देणारी साइट दोन सेकंद उशिरा उघडली तरी चालेल. उत्तरे न देणारी साइट कितीही चपळ असो, दहा तारखेला ती खजिनदारांच्या उपयोगाची नाही.

नऊच्या आकड्यांचा हिशेब

बँका आणि त्यांचे पुरवठादार उपलब्धता टक्क्यांत सांगतात. ९९ टक्के ऐकायला भरघोस वाटते. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ९९ टक्के म्हणजे वर्षाकाठी ८७ तास ३६ मिनिटे बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. दशांशानंतरचा एकेक नऊ वाढवायला पैसा आणि कष्ट कैक पटींनी लागतात.

पण साखळीचा हिशेब वेगळा लागतो. साइट, ओटीपीची वाट, कोअर बँकिंग, एनपीसीआय आणि समोरची बँक अशा पाच कड्या आहेत, प्रत्येक कडी ९९.९ टक्के वेळ चालू आहे आणि एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही, असे धरले तर पाचही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण सुमारे ९९.५ टक्के भरते. म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास. प्रत्येक संस्था आपापला दावा खरा करते आणि तरीही ग्राहकाच्या वाट्याला पाचपट खोळंबा येतो. बँकेच्या मदत क्रमांकावर ‘आमच्याकडून सगळे ठीक आहे’ असे ऐकू येते तेव्हा ते बऱ्याचदा खोटे नसते. ते फक्त एका कडीबद्दल खरे असते.

उलट बाजूने पाहा. एकाच कामासाठी दोन यंत्रणा ठेवल्या, प्रत्येक ९९ टक्के भरवशाची, आणि एक पडल्यावर दुसरी लगेच उभी राहिली, तर दोन्ही एकदम बंद असण्याचे प्रमाण दहा हजारांत एक. साध्या दोन यंत्रांतून ९९.९९ टक्के मिळतात. म्हणूनच प्रत्येक मोठी बँक मुख्य डेटा सेंटर एका शहरात आणि राखीव सेंटर दुसऱ्या शहरात ठेवते. मात्र हा हिशेब ‘लगेच उभी राहिली’ या अटीवर तोललेला आहे, आणि ती अटच सर्वांत अवघड आहे.

सिंगापूरच्या डीबीएस बँकेचे उदाहरण मला यासाठी सर्वांत शिकवणारे वाटते. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी दुपारी तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये शीतकरण व्यवस्थेचे नियोजित काम चालू होते. कंत्राटदाराकडून चुकीचा आदेश गेला, थंड पाण्याच्या टाक्यांच्या झडपा बंद झाल्या आणि तापमान चढले. ते सेंटर वापरणाऱ्या डीबीएस आणि सिटीबँक या दोन्ही बँकांनी राखीव केंद्राकडे वळायचा प्रयत्न केला. डीबीएसला नेटवर्कच्या चुकीच्या मांडणीने अडवले, सिटीबँकेला जोडणीच्या अडचणीने. दोघींचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार पुरे होऊ शकले नाहीत आणि लॉगिनचे सुमारे ८ लाख १० हजार प्रयत्न वाया गेले. राखीव केंद्र कागदावर होते, यंत्रेही होती, पण गरजेच्या क्षणी तिकडे जाण्याची वाट तुटलेली होती. सिंगापूरच्या नियामकाचा दंडक असा आहे की, महत्त्वाची प्रणाली कोणत्याही बारा महिन्यांत अनियोजितपणे चार तासांपेक्षा जास्त बंद राहू नये. त्या वर्षी वारंवार बिघाड झाल्यामुळे डीबीएसला अत्यावश्यक नसलेले तांत्रिक बदल सहा महिने थांबवण्याचा आदेश मिळाला.

दंडकातल्या ‘अनियोजित’ या अटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. देखभालीसाठी आधी सूचना देऊन साइट बंद ठेवली तर तो वेळ बहुतेक हिशेबांत धरला जात नाही. एके काळी ते रास्त होते, कारण रात्री पैसे हलतच नव्हते. पण एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस चालू आहे. आता रात्रीही व्यवहार चालतात. शिवाय आपल्याकडचे रात्री १ ते पहाटे ५ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात. तिथल्या मराठी माणसाला पुण्यातल्या आईच्या औषधांचे पैसे पाठवायला सोयीची वेळ नेमकी तीच. अनिवासी खातेदाराच्या दृष्टीने नियोजित बंद आणि अनियोजित बंद यांत तिळमात्र फरक नाही. तुलनेत दोन्ही मोजले पाहिजेत, वेगवेगळ्या रकान्यांत का होईना.

गर्दीचे गणित

साइट महिनाभर बरी चालते आणि पगाराच्या दिवशीच का रखडते? याला बँकेचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यामागे रांगेच्या शास्त्राचा एक कठोर नियम आहे. सर्व्हरला एक विनंती निकालात काढायला ०.२ सेकंद लागतात असे धरू. विनंत्या अनियमितपणे येत असतात, म्हणून काही वेळा रांग लागतेच. सर्व्हर निम्म्या क्षमतेने राबत असेल तर विनंतीला रांगेसकट सरासरी ०.४ सेकंद लागतात. ९० टक्के क्षमतेला २ सेकंद. ९५ टक्क्यांना ४ सेकंद. ९९ टक्क्यांना २० सेकंद. भार नव्वदावरून नव्व्याण्णवावर गेला, म्हणजे दहा टक्क्यांनीच वाढला, आणि थांबण्याचा वेळ दसपट झाला.

त्यापुढचे आणखी वाईट. वीस सेकंद थांबून वैतागलेला माणूस ‘रिफ्रेश’ दाबतो. जुनी विनंती रांगेत असतेच, नवी तिच्या मागे लागते. अशा लाखो माणसांमुळे भार क्षमतेच्या पलीकडे जातो आणि मूळ कारण सरल्यावरही यंत्रणा सावरत नाही. हे माणसांपुरते मर्यादित नाही, यंत्रेही असेच वागतात. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास खिळखिळे झाले, त्याचे कारण एनपीसीआयने तपासले तेव्हा ‘व्यवहाराची स्थिती कळवा’ या विचारणांचा पूर आढळला. बँकांच्या यंत्रणा एकाच व्यवहाराबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या होत्या. अडकलेल्या व्यवहारांची चौकशीच यंत्रणेला अडकवत होती. त्यानंतर अशा विचारणांवर मर्यादा आल्या आणि १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येईल असा नियमही लागू झाला.

तुलनेसाठी यातून निघणारा अर्थ सरळ आहे. मंगळवारी दुपारी तीन वाजता दोन बँकांच्या साइट उघडून पाहिल्या आणि दोन्ही सारख्याच चपळ निघाल्या, तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. एक ३० टक्के क्षमतेवर आणि दुसरी ७० टक्के क्षमतेवर असेल तरी त्या वेळचा फरक डोळ्यांना जाणवणार नाही. १ ते १० तारीख, ३१ मार्च, प्राप्तिकर विवरणाचा अखेरचा दिवस, एखाद्या मोठ्या आयपीओची मुदत संपतानाची दुपार, अशा घटकांना मोजणी झाली तरच क्षमतेची शिल्लक उघडी पडते.

आपल्या रिझर्व्ह बँकेने हेच ओळखले, असे तिच्या दोन आदेशांवरून दिसते. एचडीएफसी बँकेचे नेट बँकिंग डिसेंबर २०१९ मध्ये ऐन पगाराच्या दिवसांत कोलमडले होते. पुढे २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा खंडित होऊन पुन्हा सेवा बंद पडली. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला नव्या डिजिटल योजना आणणे आणि नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेणे थांबवायला लावले. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये आणि उरलेली मार्च २०२२ मध्ये उठली. कोटक महिंद्रा बँकेला २४ एप्रिल २०२४ रोजी ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई झाली, ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत टिकली. दोन्ही वेळी शिक्षेचा रोख वाढीवर होता. आहेत तेवढ्या ग्राहकांचा भार पेलत नसेल तर नवे घेऊ नका, असा त्याचा साधा अर्थ. मला हे दंडाच्या रकमेपेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते, कारण नेट बँकिंगचा बिघाड बहुतेक वेळा वाढीचा वेग आणि क्षमतेचा वेग यांच्यातल्या अंतरात जन्मतो.

वेग म्हणजे नेमके काय

बाहेरून वेग मोजणारी साधने बँकेचे पहिले पान तपासतात. ते पान जाहिरातीचे असते. त्याच्या प्रती ठिकठिकाणच्या मध्यस्थ सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, म्हणून ते झटकन येते, किंवा भल्यामोठ्या चित्रांमुळे उशिरा येते. पाच मेगाबाइटचे पान दोन एमबीपीएसच्या जोडणीवर यायला वीस सेकंद लागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून आत गेल्यावर जोडणी त्याहून मंद मिळणे नवलाचे नाही. लॉगिननंतरची पाने मात्र दर वेळी कोअर बँकिंगला विचारून तयार होतात. पहिल्या पानाचा वेग आणि आतल्या पानाचा वेग यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दुकानाच्या पाटीवरून आतल्या वजनकाट्याची परीक्षा करण्यासारखे ते होईल.

दुसरा घोळ सरासरीचा. वीस लॉगिनपैकी एकोणीस ३ सेकंदांत झाले आणि एकाला ६० सेकंद लागले, तर सरासरी ५.८५ सेकंद येते. हा आकडा कोणाचाच अनुभव सांगत नाही. मधला आकडा ३ सेकंद आहे, त्यातून तो साठ सेकंदांचा खोळंबा गायब होतो. म्हणून वेगाची तुलना करताना मधला आकडा आणि शंभरातल्या सर्वांत मंद पाचांची सीमारेषा, हे दोन्ही द्यावेत. मी दोहोंपैकी एकच निवडायचा तर दुसरा निवडेन. नेहमीचे काम नेहमी ठीकच होते. बँकेची पारख मंद टोकाला होते.

माणसाच्या सहनशीलतेबद्दल याकोब निल्सन यांनी मांडलेल्या मर्यादा अजून उपयोगी पडतात. ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची लय मोडत नाही. दहा सेकंदांपुढे लक्ष उडते. पैशाच्या बाबतीत दहा सेकंदांपुढे लक्षाच्या जागी भीती येते, आणि हात ‘रिफ्रेश’कडे जातो.

काही उशीर निसर्गाचा असतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका फेरीला किमान १२५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात अधिक. एक पान दाखवायला पंधरा वेळा मागेपुढे करावे लागत असेल तर दोन सेकंद प्रवासातच जातात. मुंबईतल्या संगणकावर हा दोष दिसतच नाही. म्हणून एकाच बँकेबद्दल ठाण्याचा माणूस आणि टोरांटोचा माणूस वेगळे बोलतात, आणि दोघेही बरोबर असतात.

काही उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. नवा लाभार्थी जोडल्यावर पहिल्या काही तासांत मोठी रक्कम पाठवू न देणे ही फसवणुकीविरुद्धची तटबंदी आहे. तिला मंदपणाच्या खात्यात टाकणारी तुलना अन्यायाची ठरेल. तसेच एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाने गठ्ठ्याने निकालात निघतात, आयएमपीएस तत्काळ. एका बँकेची एनईएफटी आणि दुसरीची आयएमपीएस शेजारी ठेवून वेग ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या तुलनेत बँकांचा काही संबंध उरत नाही.

वेगवान, सतत चालू आणि तरीही चुकीची, अशीही यंत्रणा असू शकते. १० ते १३ नोव्हेंबर २०२३ या काळात यूको बँकेच्या सुमारे ४१ हजार खात्यांत आयएमपीएसमधून ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. पाठवणाऱ्या बँकांत व्यवहार अयशस्वी म्हणून नोंदले गेले होते, त्यांच्या खातेदारांचे पैसे वजाच झाले नव्हते, इकडे मात्र रक्कम जमा पडली. बंद-चालूच्या मोजणीत ते चार दिवस निर्मळ दिसतील. अडकलेल्या व्यवहाराची ही उलटी बाजू आहे. दोन टोकांच्या नोंदी जुळल्या नाहीत, फक्त तोटा या वेळी ग्राहकाऐवजी बँकेच्या गळ्यात पडला. बरोबर नोंद हा भरवशाचा पाया आहे. वेग आणि उपलब्धता त्यावर उभी राहतात.

एकट्याने मोजता येते का

इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. एकटा ग्राहक बँकांच्या भरवशाची तुलना करू शकत नाही. त्याचे कारण संख्याशास्त्रात आहे. एखाद्या बँकेत तुम्ही १०० व्यवहार केले आणि एकही फसला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, फसण्याचे खरे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर नसावे. तीनला व्यवहारांच्या संख्येने भागावे, असा हा सोपा नियम आहे. हजार व्यवहार बिनचूक झाले तर सीमा ०.३ टक्क्यावर येते. एका बँकेत ०.१ टक्के आणि दुसरीत ०.५ टक्के फसतात, हा पाचपट फरक खात्रीने पकडायचा तर दोन्हीकडे हजारांच्या घरात व्यवहार करावे लागतील. घरगुती खातेदाराचे कित्येक वर्षांचे व्यवहार त्याला पुरणार नाहीत. आपले मत बनते ते एकदोन ठसठशीत प्रसंगांवर, आणि ते प्रसंग बव्हंशी योगायोगाचे असतात.

खातेदाराला स्वतः तपासता येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या पुरेशा मोलाच्या आहेत. छोटी रक्कम पाठवून संदर्भ क्रमांक लगेच मिळतो का ते पाहावे. मधेच ब्राउझर बंद करून पुन्हा आत आल्यावर तो व्यवहार यादीत दिसतो का ते पाहावे. बिघाडाच्या दिवशी बँक आपल्या साइटवर तसे कबूल करते, की वर्तमानपत्रांतून कळण्याची वाट पाहते, याची नोंद ठेवावी. आयएमपीएसने किंवा यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे वजा होऊन पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत जमा व्हायला हवेत आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. दुकानदाराला यूपीआयने केलेल्या भरण्यासाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. ही भरपाई न मागता जमा होते का, हा बँकेच्या सचोटीचा मी पाहिलेला सर्वांत सोपा आणि सर्वांत कडक निकष आहे.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे, तो सहकारी बँकांचा. गावोगावच्या नागरी आणि जिल्हा बँकांचे ग्राहक बँकेवर माणसांच्या ओळखीने विश्वास ठेवतात. पण त्या बँकांची तांत्रिक यंत्रणा बऱ्याचदा बाहेरच्या सामायिक पुरवठादाराकडे असते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर एनपीसीआयने त्याला देयक व्यवस्थेपासून तोडले आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे डिजिटल व्यवहार एकदम थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. खबरदारी योग्यच होती. पण दोन वेगवेगळ्या सहकारी बँकांत खाती ठेवून ‘एक बंद पडली तर दुसरी आहे’ असे समजणाऱ्या कुटुंबाच्या दोन्ही बँका एकाच पुरवठादाराच्या दावणीला असतील, तर त्यांच्याजवळ राखीव असे काही नव्हतेच. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिच्या आधारावर चालणारे फोनपे रातोरात बंद पडले आणि दुसऱ्या बँकेशी जोडून घ्यावे लागले, तेव्हाही हेच अवलंबित्व उघडे पडले होते. दुसरे खाते निवडताना त्याचे नेट बँकिंग किती चपळ आहे यापेक्षा ते पहिल्यापासून किती स्वतंत्र आहे हे आधी विचारावे. कोअर बँकिंगचा पुरवठादार कोण, हा प्रश्न शाखाधिकाऱ्याला विचारण्यात काहीच वावगे नाही.

उरते ती जाहीर आकड्यांची बाब. यूपीआयपुरती आपल्याकडे चांगली सोय आहे. मोठ्या बँकांचे किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फसले आणि किती चुकीचा पिन किंवा अपुरी शिल्लक अशा ग्राहकाकडच्या कारणांनी, हे एनपीसीआय दरमहा वेगवेगळे प्रसिद्ध करते. ही विभागणी फार मोलाची आहे, कारण तिच्याशिवाय बँकेचा दोष आणि ग्राहकाची चूक एकाच टोपलीत पडते. नेट बँकिंगच्या साइटसाठी मात्र बँकवार असा तक्ता सामान्य ग्राहकाच्या हाती नाही. ब्रिटनमध्ये संसदेच्या अर्थविषयक समितीने बँकांकडून माहिती मागवली आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की, जानेवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात नऊ मोठ्या बँका व गृहवित्त संस्थांच्या सेवा मिळून किमान ८०३ तास अनियोजितपणे बंद होत्या. मागितल्यावर आकडे मिळतात, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे असा तक्ता निघालाच तर त्यात बंद तासांची एकच बेरीज नको. नियोजित आणि अनियोजित वेळ वेगळा असावा. १ ते १० तारखेतला बंद वेळ स्वतंत्र दाखवावा. लॉगिनपासून संदर्भ क्रमांकापर्यंतचा मधला वेळ आणि सर्वांत मंद पाच टक्क्यांची सीमा द्यावी. आणि शेवटचा रकाना अडकलेल्या व्यवहारांचा असावा : दर लाखात किती लटकले, त्यांतले किती एका तासात सुटले, किती एका दिवसात, आणि किती जणांना भरपाई न मागता मिळाली.